काजळीच्या पिकाला पाणी कुणी दिलं

२००३ साल. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो आणि आगीच्या बाबतीत मला कुणी काही शिकवावं हे मला सहन होत नव्हतं. शिक्षण चौथी पास, तेही मास्तरांच्या कृपेनं. पण गॅस किती सुटलाय हे मी काट्याकडे न बघता, नुसत्या सुस्काऱ्यावरून सांगायचो. नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी परिचर होतो. कॉलेजात परिचराला, शिपायाला सगळेच मामा म्हणतात. मामा खूप होते, पण ‘भट्टीवाले मामा’ म्हटलं की माणसं माझ्याकडेच बोट दाखवायची.

कॉलेजच्या वार्षिक अंकवाल्यांनी सांगितलं, मामा, नोकरीतले अनुभव लिहा. सगळी नोकरी लिहायला बसलो तर काचेची भांडी धुतली याच्यापलीकडे फारसं निघणार नाही. मी एकच काम लिहितो. निवृत्तीच्या समारंभात लोकांनी माझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलून घेतलं तेव्हा हे सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. शुद्धलेखन नातीनं तपासलंय. बाकीचं माझं आहे.

आम्ही काजळी पिकवायचो. हसू नका. कंदिलाच्या काचेला धरते तीच काजळी, पण साधी नाही. केसापेक्षा हजारो पट बारीक, आतून पोकळ, नळ्या नळ्या असलेली. इंग्रजीत तिला कार्बन नॅनोट्यूब म्हणतात. डोळ्यांना दिसते ती नुसती काळी भुकटी, कापसासारखी हलकी. मोठ्या यंत्राखाली तिचे फोटो काढले की शेवयांचा गुंता दिसतो. ते यंत्र आमच्याकडे नव्हतं. आम्ही चिमूटभर माल छोट्या बाटलीत घालून दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत पाठवायचो आणि फोटोची वाट बघायचो, लग्नाच्या पोरीच्या घरचे निरोपाची बघतात तशी.

पिकवायची कशी ते सांगतो. या नळ्यांना उगवायला लोखंडाचा कण लागतो. अगदी सूक्ष्म. त्या कणावर गॅसमधला कार्बन येऊन बसतो आणि त्यातून नळी वाढत जाते. पण नुसतं लोखंड तापवलं तर कण एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो, मग काही उगवत नाही. म्हणून ते पसरून बसवायला दुसरी एक पांढरी भुकटी घ्यायची, ॲल्युमिनाची. माझं लहानपण कांद्याच्या वाफ्यात गेलं, त्यामुळे मला हे चटकन कळलं. रोपं दाट लावली की कांदा पोसत नाही. पांढरी भुकटी म्हणजे वाफा आणि लोखंड म्हणजे रोप. लोखंडाचा क्षार पाण्यात विरघळवायचा, भुकटी त्यात भिजवायची, वाळवायची, भाजायची, खलात घोटायची. या मालाला कॅटॅलिस्ट म्हणतात. तो चिमूटभर घेऊन चिनीमातीच्या बोटाएवढ्या लांबट होडीत पसरायचा, होडी क्वार्ट्झच्या नळीत सरकवायची आणि नळी विजेच्या भट्टीत. आधी आरगॉन सोडून आतली हवा हाकलायची. भट्टी सातशे डिग्रीला गेली की ॲसिटिलीन सोडायचा. ॲसिटिलीन म्हणजे वेल्डिंगवाल्यांचा गॅस.

इथं माझा संबंध येतो. मी मूळचा गॅस वेल्डर. कॉलेजात गॅसच्या लायनी जोडायला गेलो आणि तिथंच चिकटलो.

२००३ च्या जूनमध्ये वैशाली मॅडम पीएचडीसाठी आमच्या सरांकडे आल्या. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. मॅडम वणीच्या. वडिलांचं नारळ-ओटीचं दुकान. वय पंचवीस-सव्वीस, तब्येत काडीसारखी, आणि प्रश्न विचारायची सवय. मी त्यांना लोकांसमोर मॅडम म्हणायचो आणि एरवी ताई.

पहिल्याच आठवड्यात आमची वाटणी झाली. भुकटीची बाजू त्यांची, गॅसची बाजू माझी. मी त्यांच्या खलाला हात लावायचा नाही, त्यांनी माझ्या टाकीच्या चावीला. ताई म्हणाल्या, “मामा, वहीत लिहायला मला सगळं कळलं पाहिजे हं. गॅस किती, किती वेळ.” मी म्हटलं, “काट्यावर दिसतं ते लिहा. बाकी माझ्यावर सोडा.” त्यांनी सोडलं. तेच चुकलं. पण त्या वेळी तो मला माझा मान वाटला.

आता बाटलीचं सांगतो.

मी बावीस वर्षांचा असताना देवळाली कॅम्पात बाजारामागच्या एका गॅरेजात काम शिकत होतो. जॉन मिस्त्रींच्या हाताखाली. तेव्हा ॲसिटिलीनच्या तयार टाक्या सगळ्यांना परवडत नसत. लोखंडी पिंपात कार्बाइड टाकून त्यावर पाणी सोडायचं, की गॅस तयार. पण ज्योत कधी कधी बॅक मारते, म्हणजे उलटी नळीतून मागे पळते. ती पिंपात पोचली तर पिंपाचा बॉम्ब. म्हणून मध्ये पाण्याचं एक भांडं ठेवायचं. गॅस पाण्यातून बुडबुडत पुढे येतो, ज्योत मात्र पाणी ओलांडून मागे जाऊ शकत नाही. जॉन मिस्त्री सांगायचे, “पोटात अन्न नसलं तरी चालंल, भांड्यात पाणी पायजे.” एका उन्हाळ्यात ते भांडं आटलं होतं आणि कुणी पाहिलं नाही. चंदर नावाचा आमचा वेल्डर मडगार्ड जोडत होता. मी चहा आणायला गेलो होतो म्हणून हे लिहायला बसलोय. चंदरला ज्या चादरीत गुंडाळून नेला तिचं एक टोक माझ्या हातात होतं. दोन लेकी होत्या त्याला.

त्यानंतर मी पाण्याशिवाय ॲसिटिलीन कधी चालवला नाही. कॉलेजात टाकी तयार मिळायची, तिला वेगळी व्यवस्था असते, सगळं खरं. पण मी भट्टीच्या अलीकडे काचेची एक बाटली लावली, अर्धी पाण्यानं भरलेली. सरांनी पहिल्याच दिवशी पाहिली.

“मामा, हे काय?”

“पाणी आहे सर. आग मागं फिरू नये म्हणून.”

“आग कुठे आहे इथे? भट्टी विजेची आहे. मी गॅस कोरडा करायला तो निळ्या मण्यांचा टॉवर लावलाय आणि तुम्ही त्याच्यापुढे पाणी भरून ठेवलंय? ओलावा आत गेला तर मुलीची सगळी मेहनत फुकट. काढा ते.”

“काढतो सर.”

काढली. दुसऱ्या दिवशी परत लावली, या वेळी टेबलाखाली, मागच्या पायाशी, पुढे गोणपाटाचा तुकडा टांगून. सरांनी चंदरला पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगू का, सर मला तिथं दोन पोरांसमोर बोलले होते.

काम मात्र असं झालं की विचारू नका. चिमूटभर कॅटॅलिस्टवर दीड तासात होडी भरून काजळी वर यायची, काठावरून सांडायची. पहिले फोटो आले तेव्हा ताई प्रयोगशाळेच्या दारातूनच ओरडल्या, “मामा, शेवया!” सरांनी पेढे आणले. पेपरात चार ओळी छापून आल्या की नाशिकच्या कॉलेजात पोलादापेक्षा मजबूत धागे तयार होतात.

त्या चार ओळींनी आमच्याकडे गिऱ्हाइकं आणली. एक द्राक्ष बागाईतदार जीप घेऊन आला. म्हणाला, “मामा, मांडवाच्या तारा दर साली ढिल्या पडत्यात. तुमच्या या धाग्याची तार करून द्या. तीन एकर हाय.” मी त्याला काडेपेटीभर काजळी दाखवली. “महिनाभराचा माल हाय हा.” तो काडेपेटीकडे बघत राहिला, मग म्हणाला, “मग पेपरवाल्यांच्या तोंडाला फासा की.” घोटीहून भाताच्या गिरणीचे एक मालक आले, पोत्यात तुसाची राख घेऊन. त्यांना कुणी सांगितलं होतं की राखेत काहीतरी किमती असतं. मला वाटलं ताई हाकलतील. त्यांनी राख ठेवून घेतली, आम्लात धुतली, भाजली, आणि ॲल्युमिनाच्या जागी तिच्यावर लोखंड बसवून पाहिलं. तिच्यावरही पीक आलं! भाताच्या तुसावर शेवया. ताईंच्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण त्या राखेचं आहे.

वर्षभर असं चाललं. मग ताईंनी कामावर लेख लिहिला. तो वाचून त्याच मोठ्या संस्थेतल्या लोकांनी, जिथे आमचे फोटो निघायचे, सगळं तसंच करून पाहिलं. त्यांच्याकडे पीक येईना. पाच-सात मिनिटं नळ्या वाढायच्या आणि थांबायच्या. होडीच्या तळाला नुसता काळा थर. त्यांनी ताईंच्या हातची भुकटी मागवली. तीही चालेना. शेवटी ताई स्वतः गेल्या, भुकटी घेऊन, आमची होडी घेऊन. आठ दिवस राहिल्या. एकदाही जमलं नाही.

मला बरोबर नेलं नव्हतं. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मी बसून म्हणायचो, “होणार कसं? भट्टीला हात कुणाचा आहे? तिथले डॉक्टर बिक्टर असतील, गॅस त्यांना कळतो का?” लोक हो म्हणायचे आणि मला बरं वाटायचं. ती मुलगी तिकडे परक्या गावात रोज रिकामी होडी बाहेर काढत होती आणि मी इकडे चहात पाव बुडवत मोठेपणा करत होतो. हे लिहिताना हात जड होतो, पण झालं ते झालं.

ताई परत आल्या. मग कुजबुज सुरू झाली. एवढा चांगला माल यांनी कुठून विकत आणून तर फोटोला पाठवला नाही ना? सरांनी एक दिवस त्यांना माझ्यासमोरच विचारलं, “वैशाली, मला एकदा खरं सांग. सगळे नमुने आपल्याच भट्टीतले आहेत ना?” ताईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “सर, मामांना विचारा. प्रत्येक होडी त्यांनी बाहेर काढलीय.”

“माझ्या हातानं काढलीय सर,” मी म्हणालो. तेवढं तरी खरं होतं.

ठरलं असं की त्या संस्थेतले दोघे आणि प्रबंध तपासणारे एक परीक्षक नाशिकला येतील आणि आमच्याच भट्टीवर समोर बसून एक फेरी पाहतील. पीक आलं तर प्रबंध पुढे जाईल. नाही आलं तर लेख मागे घ्यायचा आणि ताईंचं नाव कटलं. २००५ चा जानेवारी होता, शुक्रवार.

आदल्या दिवशी सर म्हणाले, “मामा, उद्या सगळं चकाचक. वहीत जसं लिहिलंय तसंच्या तसं पाहिजे. एक वस्तू जास्तीची दिसता कामा नये.”

मला टेबलाखालची बाटली आठवली. पाहुणे वाकून बघणार, सर बघणार, ‘काढा’ म्हणून सांगितलेली वस्तू दीड वर्ष तिथंच आहे हे चारचौघांत उघडं पडणार. मी विचार केला, एक दिवसानं काय बिघडतंय? मी स्वतः टाकीपाशी उभा आहे. बाटली काढली, धुऊन कपाटात ठेवली, नळी आतून फुंकून कोरडी केली आणि सरळ जोडली. गोणपाटही काढला. त्या दिवशी माझी लायन पहिल्यांदा वहीप्रमाणे होती.

शुक्रवारी मी इस्त्रीचा युनिफॉर्म घातला. पाहुण्यांनी विचारलं, हे कोण. ताई म्हणाल्या, “हे आमचे मामा. भट्टी हेच चालवतात. आमचं निम्मं काम यांचं आहे.” मी मान ताठ केली.

परीक्षकांनी भुकटी स्वतः तोलली. होडी नळीत गेली. आरगॉन, मग सातशे डिग्री, मग ॲसिटिलीन. दीड तास सगळे तिथंच बसून होते. भट्टी निवायला ठेवली, लोक जेवून आले. मी हातमोजा घालून होडी बाहेर काढली.

तळाला काळा थर होता, तव्याच्या बुडाला असतो तेवढा. बस. वर काहीच आलं नव्हतं.

मला त्याच क्षणी कळलं. खोटं कशाला बोलू? भुकटी तीच, होडी तीच, नळी तीच, माणूस तोच. बदललं होतं ते एकच.

ताईंनी होडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मामा, गॅस बरोबर होता ना?”

सगळे माझ्याकडे बघत होते.

“बरोबर होता,” मी म्हणालो. “वहीत लिहिलाय तसाच होता.”

शब्दाला शब्द खरा होता. त्याच्याइतकं मोठं खोटं मी जन्मात बोललो नाही.

परीक्षक वाईट बोलले नाहीत. जाताना पॅसेजमध्ये सरांना हळूच म्हणाले, “मुलगी हुशार आहे. पण तिचे आकडे तिच्यापेक्षा जास्त हुशार दिसतात.” मी मागे चहाचे कप उचलत होतो. ताईंनीही ते ऐकलं.

शनिवारी ताई आल्या नाहीत. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, काम सोडत असल्याचं पत्र सोमवारी देणार आहेत, वडील न्यायला येतायत. मी दिवसभर भांडी धुतली. एक फ्लास्क फुटला. माझ्या हातून फ्लास्क फुटत नाही.

रविवारी किल्ली माझ्याकडे असायची. सकाळीच जाऊन भट्टी लावली. मनात अजून एक हट्ट शिल्लक होता की पाण्याचा काही संबंध नसेल, थंडीमुळे असेल, टाकी बदलली त्यानं असेल. ताईंच्या डबीत भुकटी उरलेली होती. त्यांच्या बाजूच्या वस्तूला मी पहिल्यांदा हात लावला. एक फेरी बाटलीशिवाय केली. तळाला थर. मग बाटली लावली, अर्धी भरली, दुसरी फेरी केली. दुपारी होडी बाहेर काढली तर काजळी काठावरून सांडत होती. एवढं चांगलं पीक बघून मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

दोन्ही होड्यांतला माल दोन पुड्यांत बांधला आणि गंगापूर रोडला ताईंच्या खोलीवर गेलो. दार उघडं होतं. वडील सुटकेसचा पट्टा आवळत होते. साधा माणूस, धोतर-टोपी. मला बघून म्हणाले, “या पाव्हणं. बसा. आमचं निघायचं चाललंय. लय झालं शिक्षण. मी म्हनलो व्हतो हिला, आपल्या लायनीचं नाय हे. आता पुढल्या म्हयन्यात एक स्थळ येतंय, ते बघू.”

“बाबा,” ताई म्हणाल्या, एवढंच.

मी बसलो नाही. पुड्या काढून खाटेवर ठेवल्या. “ताई, ही पाण्याशिवायची. ही पाण्याची.”

“कसलं पाणी?”

मी सांगितलं. बाटली, टेबलाचा मागचा पाय, गोणपाट, सरांनी काढायला सांगितलेली, सगळं. त्यांनी दुसरी पुडी उघडली आणि बोटानं उचलून पाहिली.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“प्रत्येक वेळी?”

“शुक्रवार सोडून.”

त्या उठल्या. बांधून ठेवलेल्या पुस्तकांतून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढे धरली.

“ताई, मला इंग्रजी येत नाही.”

“माहीत आहे. मी सांगते. लोखंडाच्या कणावर नको त्या काजळीची साय धरते. कण गुदमरतो, नळी वाढायची थांबते. त्या संस्थेत जे झालं ते. पण गॅसबरोबर जराशी वाफ गेली, अगदी जराशी, तर ती साय खाल्ली जाते आणि नळी वाढत राहते. दूर दुसऱ्या देशातल्या लोकांनी मुद्दाम वाफ सोडून हे दाखवलंय. मागच्या महिन्यात हे माझ्या हातात आलं. वाचून मी म्हटलं, किती सोपं! आपल्याला कसं सुचलं नाही? एकदा करून बघू म्हणून खूण करून ठेवली होती.”

कोपऱ्यात पेन्सिलीची फुली होती. म्हणजे त्या परदेशातल्या लोकांनी मान मिळवला त्याच्या दीड वर्ष आधीपासून आमच्याकडे ते रोज होत होतं, आणि माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मलाही ठाऊक नव्हतं. मी नुसती आग अडवत होतो.

मला वाटलं आता ताई मला दाराबाहेर काढतील. त्यांनी सुटकेस उघडायला लावली, वही काढली आणि खाली बसल्या.

“बाटली केवढी? नळी पाण्यात किती बुडायची?”

“चार बोटं.”

“पाणी नळाचं की डिस्टिल्ड?”

“नळाचं. दर सोमवारी बदलायचो.”

“उन्हाळ्यात पातळी उतरायची?”

“उतरायची. मी बघायचो ना रोज. आटू दिलं नाही कधी.”

त्या लिहीत होत्या. वडील सुटकेसपाशी उभेच होते. आणि माझं मन बघा, उत्तरं देताना मला परत थोडा ताठा आला, की बघा, मला किती बारीक माहिती आहे. तेवढ्यात त्यांनी पेन ठेवलं.

“मामा, मी सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही ‘बरोबर होता’ का म्हणालात?”

“भ्यालो.”

“तुम्ही?”

मी उघडी पुडी परत बांधायला घेतली. त्या म्हणाल्या, “मी सरांना हे सांगितलं तर ते म्हणतील, आता मामांवर ढकलतेय. परीक्षक तर हसतील. माझ्या तोंडून याला काही किंमत नाही.”

“मी सांगतो.”

“नुसतं बोलून नाही चालणार. लेखी लागेल. सरांनी बंदी केली होती हेही त्यात येईल. तुमची सात वर्षं नोकरी आहे अजून.”

“मला मोजता येतं ताई.”

वडिलांनी घड्याळ पाहिलं. “मंग आता यष्टी चुकवायची का काय?”

“चुकवा बाबा,” ताई म्हणाल्या.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला हुरहुर राहायला नको. मार्चमध्ये तेच तिघे परत आले. बाटली टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. होडी सांडली. लेख मागे घ्यावा लागला नाही, दुरुस्ती छापावी लागली. पण ताईंना जुने सगळे प्रयोग पाणी मोजून पुन्हा करावे लागले आणि पदवी दीड वर्ष उशिरा मिळाली. पाण्याचा मान मात्र गेला तो गेला. आज त्या एका कॉलेजात शिकवतात, फोन करतात, मामा म्हणतात, कधी टोचून बोलल्या नाहीत. मी पहिल्या महिन्यात गोणपाट बाजूला करून दाखवला असता तर कदाचित लोकांनी आमच्या नाशिकचं नाव घेतलं असतं. कदाचित नसतंही. पण संधी त्यांची होती आणि ती मी टेबलाखाली कोंडून ठेवली. मला लेखी ताकीद मिळाली आणि एक वर्ष भट्टीपासून दूर, ग्रंथालयात पुस्तकं लावायला. पुस्तकं लावायला हरकत नव्हती. भट्टीला दुसऱ्याचा हात लागलेला बघणं अवघड गेलं. सर माझ्याशी पूर्वीसारखं बोलले नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

पण त्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. ताईंच्या खोलीवरून मी घरी आलो, जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, लवकर उठून आंघोळ केली आणि कागद घेऊन बसलो. सून म्हणाली, “बाबा, मी लिहून देते ना, अक्षर चांगलं येईल.” मी नको म्हटलं. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: ‘गॅसच्या लायनीत पाण्याची बाटली मी लावली. सरांनी काढा सांगितले तरी लावली. वैशाली मॅडमना माहीत नव्हते. शुक्रवारी मी ती काढली म्हणून पीक आले नाही. मला विचारले तेव्हा मी खोटे बोललो.’ खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

सर साडेदहाला आले. मी केबिनच्या दाराशी होतो. आत जाऊन कागद पुढे केला. सर कोट काढत होते. म्हणाले, “ठेवा तिथे मामा, बघतो नंतर.”

“नंतर नाही सर,” मी म्हणालो. “आत्ता वाचा. मी इथंच उभा आहे.”